पहिली उतारी

पत्त्यांचा डाव आपल्या घरांना नवा नाही. कोकणातील गावी सुटीच्या दुपारी सतरंजी अंथरली जाई आणि लॅडीज, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू यांत संध्याकाळ केव्हा होई ते कळत नसे. मुंबईच्या चाळीतून इस्राएलला आलेल्या कुटुंबांच्या सामानातही पत्त्यांचा एखादा जोड येथवर आला असेल. ब्रिज मात्र आपल्यापैकी अनेकांनी क्लबातल्या साहेबांचा खेळ म्हणून दूरच ठेविला. वस्तुतः ज्यास मेंढीकोट येतो त्यास ब्रिजचा निम्मा भाग येतो. उरलेला निम्मा भाग पाने टाकण्याचा नसून बोलण्याचा व ऐकण्याचा आहे. त्या उरलेल्या भागातील एकाच प्रश्नाविषयी या लेखात लिहावयाचे योजिले आहे. तो प्रश्न म्हणजे पहिली उतारी कोणत्या पानाची करावी.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आरंभी थोडे स्पष्टीकरण देतो. चार खेळाडू, समोरासमोर बसणाऱ्या दोन जोड्या आणि प्रत्येकाच्या हातात १३ पाने. खेळापूर्वी बोली होते. "तीन बिनहुकमी" असे म्हणणारा खेळाडू, हुकुमाविना सहाच्या वर तीन, म्हणजे नऊ हात करण्याचे वचन देतो. शेवटची बोली ज्या जोडीची, तिच्यातील एक जण डाव खेळतो व त्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जातात. या उघड्या हाताला डमी म्हणतात. परंतु डमी उघडण्यापूर्वी, डाव खेळणाऱ्याच्या डावीकडील खेळाडूने पहिले पान टाकावयाचे असते. तेच पहिल्या उतारीचे पान. पुढील प्रत्येक पान २६ पाने पाहून, म्हणजे आपली १३ व डमीची १३, टाकता येते. हे एकच पान केवळ स्वतःची १३ पाने पाहून टाकावे लागते. अनेक डावांचा निकाल त्या एका पानावर लागतो.

हा निर्णय किती अवघड आहे, हे आम्हांस ओमानमध्ये समजले.

काही वर्षे आम्ही मस्कतमधील एका भारतीय शाळेत अध्यापन करीत होतो. त्या काळी ओमानमध्ये साप्ताहिक सुटी गुरुवारी व शुक्रवारी असे. शुक्रवार-शनिवारची सुटी तेथे मे २०१३ पासून सुरू झाली. त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ मोकळी असे, आणि रुवीतील एका मराठी कुटुंबाच्या घरी दर गुरुवारी ब्रिजचे टेबल मांडले जाई. रुवी म्हणजे मस्कतमधील भारतीयांचा गजबजलेला भाग. खाली मराठी, मल्याळी, गुजराती असे सर्व शब्द एकाच पदपथावर ऐकू येत, आणि खिडकीतून गवताचे पातेही नसलेले तपकिरी डोंगर दिसत. यजमान मूळचे अलिबागकडचे, व्यवसायाने अभियंता. त्यांना सर्व जण नाना म्हणत. टेबलावर खजूर आणि काहवा असे. वहिनींच्या हातचे थालीपीठही असे. पैसे मात्र कधीच नसत. त्या देशात जुगार निषिद्ध आहे आणि नानांच्या घरात तो त्याहून निषिद्ध होता. ओमानी रियालाचे हजार बैसे होतात. त्यांतील एकही बैसा त्या टेबलावर कधी आला नाही.

एका गुरुवारी आम्ही पश्चिमेस बसलो होतो व नाना आमचे भिडू म्हणून पूर्वेस. दक्षिणेस वहिनी, उत्तरेस बँकेत नोकरीस असलेले एक गोमंतकीय गृहस्थ. वहिनींनी "एक बिनहुकमी" म्हटले. त्यांच्या जोडीच्या संकेतानुसार त्याचा अर्थ १५ ते १७ गुण व सर्व रंगांची साधारण समान पाने. (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ व गुलामाचा १ असे हे गुण, पूर्ण जोडात ४०.) उत्तरेने थेट "तीन बिनहुकमी" म्हटले. सर्वांनी पास दिला. उतारी आमची. जिज्ञासू वाचकांनी घरी मांडून पाहावा म्हणून पूर्ण डाव खाली देत आहोत.

उत्तर — इस्पिक : ५, ३. बदाम : ७, ४, ३. चौकट : एक्का, गुलाम, ४. किलवर : राजा, राणी, गुलाम, ८, ३.

पूर्व — इस्पिक : एक्का, राणी, ८, ७, २. बदाम : गुलाम, १०, ९, २. चौकट : ८, ५. किलवर : एक्का, ९.

दक्षिण — इस्पिक : राजा, ९, ६. बदाम : एक्का, राजा, राणी, ५. चौकट : राजा, १०, ६, २. किलवर : ७, ४.

पश्चिम — इस्पिक : गुलाम, १०, ४. बदाम : ८, ६. चौकट : राणी, ९, ७, ३. किलवर : १०, ६, ५, २.

आम्ही पुस्तकी विद्यार्थी. बिनहुकमी डावात आपल्या सर्वांत लांब व बळकट रंगातील वरून चौथे पान उतरावे, हा नियम पाठ होता. चौकटची चार पाने, त्यांत राणी. आम्ही चौकटची तिर्री उतरलो. डमीतून लहान पान पडले, नानांनी अठ्ठी टाकली आणि वहिनींनी दश्शीवर हात घेतला. आमची राणी कोठे आहे हे आम्हीच त्यांना सांगून टाकले होते. त्यांनी लगेच किलवर खेळून नानांचा एक्का काढून घेतला. नाना इस्पिककडे वळले, पण तोवर उशीर झाला होता. चौकटचे चार, बदामचे तीन, किलवरचे दोन आणि इस्पिकच्या राजाचा एक असे दहा हात वहिनींनी केले. वचन नऊचे होते.

नाना त्या वेळी काहीच बोलले नाहीत. डाव संपल्यावर त्यांनी चारही हात पुन्हा मांडले आणि विचारले, "सर, उतरण्यापूर्वी तुम्ही काय ऐकलेत?"

आम्ही म्हटले, "एक बिनहुकमी आणि तीन बिनहुकमी."

"आणि काय ऐकले नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. नानांनी ते समजावून दिले. उत्तरेकडे इस्पिक वा बदाम यांची चार पाने असती, तर त्याने बहुधा प्रथम "दोन किलवर" म्हणून समोरच्यास त्या रंगांची चौकशी केली असती. तसा संकेत सर्वत्र रूढ आहे. त्याने ती केली नाही. याचा अर्थ हे दोन मोठे रंग डमीत तोकडे आहेत. मग ती पाने गेली कोठे? पुष्कळशी भिडूकडे असण्याचा संभव. शिवाय आमच्या हातात गुण अवघे तीन. चौकटचा रंग खटपटीने उभा केलाच, तरी ती पाने वाजविण्यासाठी पुन्हा हात मिळणार कशाने? वहिनींच्या जोडीकडे किमान २५ गुण असणार हे बोलीवरून उघड होते, म्हणजे उरलेल्यांतील जे काही होते ते नानांकडे. तेव्हा आपला रंग सोडून भिडूचा रंग शोधावयास हवा होता. इस्पिकचा गुलाम उतरला असता तर वहिनींनी राजा पहिल्या हातावर घेतला काय किंवा दुसऱ्या, फरक पडला नसता. नानांना किलवरच्या एक्क्यावर हात मिळताच त्यांचे उरलेले इस्पिक वाजले असते व नववा हात वहिनींना कधीच मिळाला नसता.

"पुस्तक चुकीचे नाही," नाना म्हणाले, "पण पुस्तकाने आजची बोली ऐकलेली नव्हती. ती तुम्ही ऐकली होती."

एवढ्या एका वाक्याने आमचे वर्षभराचे पाठांतर सैल झाले. शिक्षकाच्या पेशात असूनही आम्ही विद्यार्थ्याच्या नेहमीच्या दोषात सापडलो होतो. प्रश्न न वाचताच आम्ही उत्तर लिहिले होते.

तरीही जुने नियम टाकाऊ नाहीत. त्यांची कारणे ठाऊक असावयास हवीत. वरून चौथे पान उतरण्याची रीत ब्रिजच्या पूर्वीच्या व्हिस्ट या खेळापासून चालत आली आहे. तिच्याशी जोडलेला 'अकराचा नियम' आर. एफ. फॉस्टर यांनी सुमारे १८९० साली प्रसिद्धीस आणला. भिडूने चौथे पान म्हणून सत्ती उतरली, तर अकरातून सात वजा करावेत. उरलेले चार म्हणजे त्या सत्तीहून मोठी चार पाने इतर तीन हातांत मिळून आहेत. सत्तीवर एकंदर सात पाने असतात व त्यांतील तीन उतरणाऱ्याच्या हातात असतात, म्हणून हा हिशेब जुळतो. या वजाबाकीने भिडूला समोरचा हात जवळजवळ दिसू लागतो. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती वापरून पाहिली, तेव्हा हे सर्व शहाणपण नव्या खेळात तसेच आले.

दुसरा नियम ओळीचा. राजा, राणी, गुलाम अशी लागून पाने असतील तर वरचे पान उतरावे. त्यात गमावण्यासारखे थोडे व मिळविण्यासारखे पुष्कळ असते. तिसरा नियम भिडूने बोललेल्या रंगाचा. भिडूने एखादा रंग बोलीत सांगितला असेल, तर तो न उतरण्यास सबळ कारण हवे. चौथा नियम हुकमी डावांसाठी. हुकूम ठरलेला असताना एक्का मागे ठेवून त्याच रंगातील लहान पान उतरू नये. समोरच्याचा एकटा राजाही हात मारून जातो आणि आपला एक्का पुढे हुकुमाने कापला जातो. हातात एखाद्या रंगाचे एकच पान असेल व हुकुमाची लहान पाने असतील, तर ते एकटे पान उतरावे, म्हणजे तो रंग परत येताच हुकुमाने मारता येतो. याउलट, डमी एखाद्या रंगात तोकडी असून तेथे हुकुमाने मारामारी होणार असे बोलीवरून दिसले, तर खुद्द हुकूमच उतरावा व ती वाट बंद करावी. समोरच्यांनी तीन रंग बोलून दाखविले असतील तर न बोललेला चौथा रंग प्रथम विचारात घ्यावा.

या प्रत्येक नियमाच्या पोटात 'बोलीवरून दिसले तर' ही अट आहे, ती वाचकांच्या ध्यानात आली असेलच. अमेरिकन खेळाडू थिओडोर लाइटनर यांच्या नावाने ओळखला जाणारा डबल हा तर निव्वळ उतारीसाठी आहे. समोरच्यांनी बारा किंवा तेरा हातांची बोली केली आणि उतारी ज्याची नाही त्या भिडूने डबल म्हटले, तर त्याचा अर्थ असा की नेहमीचे पान उतरू नकोस, काही वेगळे शोध. बहुधा अशा भिडूकडे एखाद्या रंगाचे एकही पान नसते व तो रंग येताच हुकूम मारण्यास तो टपलेला असतो.

अलीकडे संगणकानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. डेव्हिड बर्ड व टॅफ अँथिआस यांनी २०११ व २०१२ साली दोन पुस्तके प्रसिद्ध केली. दिलेल्या बोलीशी जुळणारे हजारो डाव संगणकाकडून पिसून घेऊन, कोणत्या उतारीने समोरच्यांचा डाव किती वेळा मोडतो हे त्यांनी मोजले. एका खेळाडूच्या वाट्यास येणारे १३ पानांचे निरनिराळे हात ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० इतके संभवतात. एका माणसाच्या आयुष्यभराच्या अनुभवाची त्यापुढे काय मिजास! त्यांच्या मोजणीत असे दिसले की "एक बिनहुकमी – तीन बिनहुकमी" अशा बोलीवर इस्पिक वा बदाम यांची तोकड्या रंगातील उतारीही पुष्कळदा लांब चौकट वा किलवरपेक्षा लाभदायक ठरते. तसेच राणी किंवा राजाच्या खालून उतरण्याची सवय आपण समजतो त्याहून महाग पडते. संगणक चारही हात उघडे पाहून खेळतो आणि माणसाला तसे पाहता येत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष मोलाचा आहे. नानांनी तो रुवीतील टेबलावर केवळ कान उघडे ठेवून काढला होता.

आता थोडे कटू पण आवश्यक. उतारीचे मोल एवढे मोठे असल्यामुळे तिचा मोहही मोठा आहे. २०१४ साली क्रोएशियातील ओपातिया येथे इस्राएलच्या संघाने युरोपचे अजिंक्यपद मिळविले आणि पुढील वर्षी भारतात, चेन्नई येथे होणाऱ्या बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेत त्यास स्थान मिळाले. आपल्या समाजास याहून सुखाची गोष्ट कोणती असावी? परंतु २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याच संघातील एका जोडीवर गंभीर आरोप झाला. बोली संपल्यावर पानांचा बोर्ड टेबलावर कोणत्या जागी ठेवावयाचा, यावरून ती जोडी एकमेकांस कोणता रंग उतरावा हे सांगत असल्याचे चित्रफितींच्या अभ्यासातून पुढे आले. हा प्रश्न उघडपणे मांडणारे नॉर्वेचे खेळाडू बोये ब्रोगेलंड हे पूर्वी त्या जोडीचे संघसहकारी होते. तिच्यासह मिळविलेली विजेतेपदे सोडून देण्याची तयारी त्यांनी दाखविली. इस्राएलने चेन्नईच्या स्पर्धेतून माघार घेतली. पुढे २०१६ मध्ये युरोपियन ब्रिज लीगने त्या जोडीवर बंदी घातली.

ही हकिगत येथे सांगण्याचे कारण कोणास हिणविणे हे नव्हे. ब्रिजमध्ये भिडूशी बोलण्यास मोजके शब्द असतात. ३५ बोल्या, आणि पास, डबल, रिडबल मिळून एकंदर ३८. त्यांबाहेरचा सुस्कारा, पान टाकताना लावलेला वेळ, भुवईची हालचाल, यांपैकी कशाचाही उपयोग करून घेण्यास नियमांची मनाई आहे. भिडू फार वेळ विचार करून पास म्हणाला, तर त्या विलंबावरून निष्कर्ष काढून उतरणे हेदेखील अनुचित समजतात. अवघ्या ३८ शब्दांत जे सांगता येईल तेवढेच सांगावे व तेवढेच ऐकावे. आपल्यापैकी जे मोठ्या वयात येथे आले आणि उल्पानमध्ये मोजक्या हिब्रू शब्दांवर दुकान, दवाखाना व मुलांची शाळा निभावून नेली, त्यांना थोडक्या शब्दांत पुष्कळ ऐकण्याची सवय आहे. हा खेळ त्यांना कठीण जाऊ नये.

वयाचीही अडचण नाही. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. त्यात भारताच्या प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा पहिल्यांचे वय ६० होते व दुसऱ्यांचे ५६. आम्हीही पन्नाशी ओलांडली आहे. हे आकडे वाचून आम्हांस धीर आला, हे कबूल करावयास हरकत नाही.

नानांचे टेबल आता राहिले नाही. आखातातील वास्तव्य बहुधा नोकरीबरोबर संपते; नाना निवृत्त होऊन वहिनींसह कोकणात परतले, गोमंतकीय गृहस्थांची बदली झाली, आणि आम्हीही निघालो. त्या घरातून आम्ही दोन सवयी मात्र बरोबर आणल्या. घरी नातवंडांबरोबर वा शेजाऱ्यांबरोबर टेबल मांडणाऱ्या वाचकांनी त्या अवश्य लावून घ्याव्यात.

पहिली अशी की उतारी करण्यापूर्वी संपूर्ण बोली पुन्हा सांगावयास लावावी. तसा हक्क नियमांनीच दिला आहे. समोरच्यांच्या बोलीचा अर्थ विचारण्याचाही हक्क आहे. संकोच बाळगू नये. बोली दुसऱ्यांदा ऐकताना कोण काय म्हणाले याबरोबर कोण काय म्हणाले नाही तेही मनाशी नोंदवावे.

दुसरी अशी की पहिले पान पालथे ठेवावे. स्पर्धांतून हा नियमच आहे. पान पालथे असताना भिडूला आपले प्रश्न विचारता येतात आणि पाळी चुकली असल्यास ती वेळीच ध्यानात येते. नाना त्या पालथ्या पानाकडे पाहून दर वेळी विचारीत, "काही विचारायचे आहे?" कोणी नाही म्हटले, की मगच ते पान सुलटे करावयास सांगत.